पिवळी रेघ

सोमवारी सकाळी मोठ्या मावशीने पाळणाघराचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. हॉलच्या फरशीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पिवळ्या ऑइलपेंटची चांगली रुंद रेघ ओढलेली होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. रेघेच्या पलीकडे मुलांचा सगळा संसार होता: घसरगुंडी, ठोकळ्यांची टोपली, चित्रांचं बुटकं टेबल, कोपऱ्यातल्या गाद्या. अलीकडे भिंतीला लागून दोन स्टुलं. स्टुलं कोरी करकरीत, पण मेली इतकी अरुंद, की मावशीसारख्या भरल्या अंगाच्या बाईने त्यावर बसायचं म्हणजे कसरतच.

"ही काय भानगड?" तिने विचारलं.

"मला काय विचारता? परेड घेणार असतील आपली," धाकटी मावशी म्हणाली. धाकटी म्हणजे तिची जोडीदारीण. अंगाने काडी, जिभेने तिखट. मात्र मॅडम समोर आल्या की ती जीभ कुठे जायची कोण जाणे.

मॅडम म्हणजे पाळणाघराच्या नव्या संचालिका. जुन्या बाईंचे गुडघे गेले, त्यांनी पाळणाघर या मॅडमच्या हवाली केलं आणि त्या लेकाकडे राहायला गेल्या. मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या, आणि खोटं कशाला बोला, कामचुकारही नव्हत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. फक्त एक खोड होती. कुठलंसं शिबिर करून यायच्या आणि नवीन खूळ घेऊन यायच्या. या वेळचं खूळ आठ दिवसांच्या शिबिरातलं होतं, आणि त्याचं नाव होतं 'हँड्स-ऑफ'.

मॅडमनी तो शब्द पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला, पेनचं टोपण लावलं आणि दोघींकडे वळून हसल्या. "आजपासून आपलं पाळणाघर हँड्स-ऑफ."

"म्हणजे काय हो मॅडम?" मोठ्या मावशीने विचारलं. "आम्हाला आपलं साध्या भाषेत सांगा."

"साध्या भाषेत म्हणजे ढवळाढवळ न करणारं. इंग्रजी विशेषण आहे. हँड्स-ऑफ पालक, हँड्स-ऑफ शिक्षक, हँड्स-ऑफ मॅनेजर. असा माणूस समोरच्यावर विश्वास टाकतो, त्याच्या मधे मधे करत नाही. मुलं आपापसातली भांडणं स्वतः सोडवतात, मावशी. आपणच धावून जाऊन त्यांना पांगळं करतो."

मग नियम आले. मोठ्यांनी रेघेच्या अलीकडे बसायचं आणि निरीक्षण करायचं. भरवणं, धुणं-पुसणं, झोपवणं एवढ्यापुरतंच पलीकडे जायचं. मुलांनी रेघ ओलांडून मोठ्यांकडे यायचं नाही. कोणी रडलं तर बसल्या जागेवरून म्हणायचं, "तुला जमेल."

"आणि एखादं पडलं तर?"

"उठेल की. रक्त आलं तर जा, अर्थातच. मी काही राक्षस नाही."

मोठी मावशी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "मग आमचं काय काम? दोन बुजगावणी आणून ठेवा स्टुलावर. त्यांना जेवणाची सुट्टीही लागत नाही."

धाकटीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मॅडमना राग आला नाही, आणि मावशीला त्याचीच जास्त चीड आली. त्या समजुतीने हसल्या. अडाणी माणसाकडे बघून शिकलेली माणसं हसतात, तसं. "सवय होईल, मावशी. तुम्हालाही जमेल."

घ्या! म्हणजे आता मावशीलाही 'जमेल'.

त्या रात्री जेवताना मावशीने लेकीला तो शब्द विचारला. लेक एका कचेरीत कामाला होती आणि इंग्रजीत तिचा हात चांगला होता.

"हँड्स-ऑफ? हां, वापरतात ना. आमच्या साहेबांना म्हणतात. काम सांगतात आणि बाजूला होतात, डोक्यावर बसत नाहीत. फार सुख आहे त्यांचं."

"म्हणजे चांगला शब्द आहे?"

"माणसावर आहे ग आई. आमचे साहेब बाजूला होतात, पण अडलं की हाकेसरशी येतात. आता आपले बाबा बघ. तेही हँड्स-ऑफच. घरात आग लागली तरी सोफ्यावरून उठायचे नाहीत."

"मला मधे ओढू नका," सोफ्यावरून आवाज आला.

"हे बघ, उदाहरणच बसलंय," लेक म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. मावशीला वाटलं, चला, शब्द कळला. हाकेला ओ देणारा असेल तर चांगला, नाहीतर सोफ्यावरचा. आता मॅडम यातल्या कुठल्या, ते बघायचं.

ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

पाळणाघरात एक मुलगी नवीन आली होती. तीन वर्षांची, एवढीशी, सगळे तिला पिटुकली म्हणायचे. पिटुकली मॅडमची स्वतःचीच लेक होती. इतके दिवस ती आजीकडे असायची. आता मॅडमनी तिला मुद्दाम इथे आणलं. "माझा विश्वास आहे या पद्धतीवर," त्या पालकांना अभिमानाने सांगायच्या, "म्हणून तर माझी मुलगी इथे आहे." आणि दुसरा होता रणगाडा. त्याचं नाव धाकटीने ठेवलेलं. पाच वर्षांचा, भक्कम, आणि समोर येईल त्याला आडवं करून पुढे जाणारा. मूळचा वाईट नव्हता हो पोरगा. पूर्वी असा उधळला की मोठी मावशी त्याला मांडीत ओढायची, घट्ट धरून ठेवायची आणि कानात म्हणायची, "काय झालं रे माझ्या राजाला?" दोन मिनिटांत इंजिन थंड. आता मांडी रेघेच्या अलीकडे आणि इंजिन पलीकडे. त्याला 'नको' म्हणणारंही कोणी नाही आणि 'ये' म्हणणारंही कोणी नाही. मग तो उधळणार नाही तर काय करणार?

पहिल्याच आठवड्यात त्याने पिटुकलीच्या हातातली बाहुली हिसकली आणि तिला ढकललं. पिटुकली उठली आणि थेट आईकडे धावली. आई रेघेच्या अलीकडे उभी होती. "आई!"

मॅडमनी तळहात पुढे केला आणि बोटाने रेघ दाखवली. "इथे नाही यायचं, सोन्या. रेघ आहे ना? जा, त्याच्याशी बोल. तुला जमेल."

पिटुकली रेघेवर येऊन थांबली. बुटाची टोकं पिवळ्या रंगाला टेकलेली, हात वर केलेले, नाक वाहतंय. आई एका हातावर. नुसतं वाकलं असतं तरी उचलता आलं असतं! मोठ्या मावशीने स्टुलाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली.

"अहो मॅडम, तीन वर्षांचं लेकरू आहे ते," ती म्हणाली.

"मावशी, प्लीज. निरीक्षण."

कसलं निरीक्षण आणि कसलं काय! मावशीचा जीव नुसता जळत होता.

मात्र तिला एक पळवाट सापडली. धुणं-पुसणं चालत होतं ना? मग ती मोरीजवळच्या बेसिनपाशी जास्त वेळ रेंगाळायला लागली. कोणा पोराचे हात रंगाने बरबटले की ते तिला हाक मारायचं, ती रेघ ओलांडायची, बेसिनपाशी त्या मुलाला समोर घ्यायची, दोन्ही चिमुकले हात आपल्या हातांत धरायची आणि साबण लावायची. भरपूर लावायची. तेवढ्यात विचारायची, "कोणी मारलं? कुठे लागलं?" आणि तेवढ्यात एखादा पापा घ्यायची. मुलं काही खुळी नसतात. दोन-चार दिवसांत बेसिनसमोर रांग लागायला लागली. पिटुकली तर दिवसभर चित्रांच्या टेबलावर जाऊन पंजे रंगात बुडवायची आणि समोर धरून उभी राहायची. चित्र एकही काढायची नाही. रणगाडाही लाजत लाजत रांगेत यायचा, दोन बोटांना निळा रंग लावून.

"साबण फार लागतोय हल्ली," मॅडम म्हणाल्या.

"पोरं फार स्वच्छ झालीत हल्ली," मोठी मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रंगांचे डबे कपाटात गेले. रंगांऐवजी खडू आले. खडूने हात बरबटत नाहीत. बेसिनसमोरची रांग संपली.

एक दिवस मॅडम दोघींना म्हणाल्या, "पिटुकलीकडे लक्ष गेलं का तुमचं? आता ती मला हाक मारत नाही." त्यांचे डोळे चमकत होते. "पडली, रणगाड्याने हातातलं घेतलं, काहीही झालं, ती माझ्याकडे येत नाही. बघते आणि आपल्या कामाला लागते. स्वावलंबी झाली. मी तिच्या वयाची होते ना, तेव्हा माझी आई मला बुटाची नाडीसुद्धा बांधू द्यायची नाही. कॉलेजात गेले तरी मला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. माझ्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही मला."

मोठ्या मावशीला क्षणभर मॅडमची दया आली. क्षणभरच. कारण पिटुकली कसल्या कामाला लागायची, ते तिने बघितलं होतं. कोपऱ्यातल्या गादीवर जाऊन, भिंतीकडे तोंड करून, गादीच्या शिवणीचा दोरा ओढत बसायची. हेच तिचं काम.

"मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली, "पण पोर हाक मारेनाशी झाली, म्हणजे तिला कळलंय की कोणी येत नाही. हाक मारून मारून थकली ती. याला तुम्ही स्वावलंबन म्हणता? मी याला पोरकेपण म्हणते."

मॅडमचा चेहरा पडला. मग कडक झाला. "तुम्ही लाडावून ठेवता मुलांना. जुन्या पद्धतीतून तुम्हाला बाहेर पडता येत नाही, यात तुमचा दोष नाही. पण इथे राहायचं असेल तर रेघ पाळावी लागेल. पुन्हा एकदा सांगावं लागलं, तर मला दुसरी मावशी बघावी लागेल."

धाकटीने हळूच पायाने मोठीचा पाय दाबला. नोकरी गेली तर गेली, तिची मोठीला फिकीर नव्हती. पण आपण गेलो तर या पोरांना भरवताना-झोपवताना जवळ घेणारंही कोणी उरणार नाही, या विचाराने ती गप्प बसली. घरी आल्यावर मात्र भांडी अशी आपटली, की सोफ्यावरचं उदाहरणसुद्धा उठून बघायला आलं.

मग शुक्रवारी पाहुणे आले. मॅडमचं शिबिर घेणाऱ्या मोठ्या बाई होत्या, त्यांचे दोन मदतनीस होते आणि आपल्या मुलांना इथे घालायचं की नाही ते ठरवायला आलेले काही आईबाप होते. सगळे रेघेच्या अलीकडे ओळीने उभे राहिले. हातात चहाच्या कपबश्या. पाहुण्या बाई हळू आवाजात समजावत होत्या, "बघा, कशी शांतता आहे. मोठ्यांची लुडबुड नाही की रडारड नाही." आईबाप माना डोलवत होते. खरंच शांतता होती. दवाखान्यात असते तशी.

पिटुकली घसरगुंडीची शिडी चढत होती. अंगात खांद्यांवर पट्ट्या असलेला फ्रॉक. ती वर पोचली, आणि मागून रणगाडा आला. त्याने दणका दिला नाही, नेहमीसारखा घुसला, एवढंच. पिटुकली कडेला सरकली, तिचा पाय पायरीवरून निसटला आणि ती कठड्याबाहेर गेली. खाली पडली नाही. कठड्याच्या बाहेर आलेल्या बोल्टात फ्रॉकची पट्टी अडकली आणि ती तिथेच लोंबकळली. एका बुटाचं टोक जेमतेम खालच्या पायरीला लागत होतं. पट्टी खांद्यावरून सरकून गळ्याशी आवळली.

तिने तोंड उघडलं नाही. हाक मारली नाही. ओळीने उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे तिने एकदा बघितलं. आईकडेही बघितलं, इतरांकडे बघितलं तितकंच. मग मान वळवली आणि एका हाताने पट्टी चाचपडायला लागली.

मोठी मावशी स्टुलावरून उठली.

"थांबा," मॅडम पुटपुटल्या. त्यांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. "सोडवेल ती. तिला जमेल."

"रक्त नाहीये," पाहुण्या बाई शांतपणे आईबापांना म्हणाल्या. "अशाच क्षणी आपली परीक्षा असते."

आईबापांपैकी एक बाप पुढे सरकला आणि रेघ बघून थांबला. सगळे शिकलेसवरलेले, चांगल्या घरचे, सगळ्यांना डोळे होते आणि सगळे उभे होते. पिटुकलीचा चेहरा लाल झाला, मग आणखी गडद झाला. बुटाचं टोक पायरीवरून सुटलं.

मावशीने रेघ कशी ओलांडली, ते तिचं तिलाही कळलं नाही. एवढी जड बाई, पण वाऱ्यासारखी गेली. डाव्या हाताने पोरीला खालून उचलून धरलं, उजव्या हाताने पट्टी ओढली. निघेना, तेव्हा दातांनी शिवण तोडली. पोर सुटली. गळ्यावर लालभडक वळ उठला होता. तिने मोठ्याने श्वास घेतला, खोकली, आणि मावशीच्या एप्रनमध्ये तोंड खुपसलं. तरीही रडली नाही.

वर घसरगुंडीवर रणगाडा मात्र भोकाड पसरून रडत होता. "मी नाही केलं! मी नाही केलं!"

"नाही रे राजा, तू नाही केलंस," मावशीने दुसरा हात वर केला. "ये खाली. ये माझ्याकडे." तो घसरत आला आणि तिच्या कमरेला चिकटला. मग ती दोन्ही पोरांना घेऊन वळली. आता तिला कोणी गप्प बसवू शकलं नसतं, प्रत्यक्ष जुन्या बाई आल्या असत्या तरी.

"या पाच वर्षांच्या पोराने काही केलं नाही. केलंत ते तुम्ही!" तिचा आवाज हॉलभर घुमला. "चहा पीत उभे राहिलात! रक्त नाही म्हणे! हा गळा बघा. बघा की नीट, निरीक्षण करायला आलात ना? लाज नाही वाटत? एवढ्या जणांना मिळून वीसएक हात, आणि एकालाही पुढे व्हावंसं वाटलं नाही! मोठा इंग्रजी शब्द काढलाय. अहो, ज्याने सांभाळायचं कबूल केलंय त्याने बाजूला उभं राहायचं, याला कसला विश्वास म्हणता? याला अंग काढून घेणं म्हणतात. काढा मला कामावरून. आत्ता काढा. पण आधी या पोरीला सांगा, तिने हाक का नाही मारली ते!"

एक आई हुंदके द्यायला लागली. पाहुण्या बाईंनी कप खिडकीत ठेवला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "तुम्ही नका बोलू, बाई," धाकटी मावशी म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिची जीभ मॅडमसमोर जागेवर होती.

मॅडमच्या हातातून कपबशी निसटून फुटली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या लेकीच्या गळ्यावरचा वळ बघत होत्या. मग त्या मटकन खाली बसल्या, रेघेच्या अगदी काठाशी, फुटक्या बशीच्या तुकड्यांत, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"ये सोन्या. ये, आईकडे ये. चुकलं माझं. ये ना ग."

मावशीने पिटुकलीला अलगद खाली ठेवलं. कितीही राग असला तरी आई ती आईच, आणि पोरीला आत्ता तीच हवी असणार. "जा बाळा," ती म्हणाली. "आई बोलावतेय."

पिटुकली चालत गेली. तुटलेली पट्टी मागे लोंबत होती. आईच्या बोटांपासून ती जरा दूर असतानाच तिची नजर फरशीवर गेली. ती थांबली. एक बूट रेघेवर पडला होता. तो तिने पटकन मागे घेतला आणि दुसऱ्या बुटाशेजारी नीट जुळवून ठेवला.

"नाही यायचं," ती शहाण्या मुलीसारखी आईला समजावत म्हणाली. "रेघ आहे ना?"

मॅडमचे हात तसेच पसरलेले राहिले. त्या लेकीकडे बघत होत्या, लेक रेघेकडे बघत होती, आणि दोघींच्या मधे धड एक पाऊलभरही अंतर नव्हतं.

"अहो पिटुकलीच्या आई," मोठी मावशी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं, "बघत काय बसलाय! ती नाही यायची. तुम्ही या इकडे!"